पोचल्याचं कार्ड

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी आईवडिलांचं नाव घेतो. ते खरंही आहे. पण त्याच क्षणी मनात दुसरं एक नाव येऊन उभं राहतं : सोपानआप्पा टेंगले. मला इंग्रजी बोलायला आप्पांनी शिकवलं. आता आप्पांना इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. मराठी बोलता यायचं, लिहिता-वाचता नाही. पगाराच्या दिवशी ते अंगठा द्यायचे आणि शाई धोतराला पुसायचे. तरीही हे विधान मी शपथेवर करायला तयार आहे.

कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत आमचा औषधांचा कच्चा माल बनवणारा कारखाना होता. नव्वदच्या दशकात तिथं नवी यंत्रं बसत होती आणि ती बसवायला परदेशी इंजिनिअर यायचे. बहुतेक इटलीचे, जर्मनीचे, एकदा एक फिनलंडचा. दोन-तीन महिने राहायचे आणि जायचे. त्यांच्यासाठी कारखान्याच्या मागच्या बाजूला चार खोल्यांचं गेस्ट हाउस होतं. आप्पा त्या गेस्ट हाउसचे राखणदार.

पहिल्या दिवशी आप्पा पाव्हण्याला काय करायचे ते आधी सांगतो, म्हणजे माणूस लक्षात येईल.

गाडी फाटकात थांबायची. मुंबईहून आलेला, घामाने भिजलेला, लालबुंद झालेला गोरा माणूस खाली उतरायचा. त्याला फक्त पंखा आणि पलंग हवा असायचा. आप्पा त्याची बॅग ड्रायव्हरकडे देत, त्याचं मनगट धरत आणि त्याला सरळ उन्हात बाहेर काढत. रस्ता ओलांडून पलीकडे एक वस्ती होती. तिथल्या पहिल्याच घरात सरूबाई कांबळे राहायच्या. त्यांच्या दारात पाव्हण्याला उभं करायचं आणि त्याच्याकडून एकच शब्द म्हणवून घ्यायचा : पाणी. पाव्हण्याच्या हातात पाण्याची सीलबंद बाटली असली तर आप्पा ती काढून स्वतःच्या काखेत धरायचे. तहान लागलेली नसली तरी चालेल. मागितलंच पाहिजे.

सरूबाई पाणी द्यायच्या, पाव्हणा प्यायचा, आणि मगच त्याला खोली दाखवली जायची.

पहिला इटालियन या प्रकाराने तीन दिवस संडासात बसला. मॅनेजरसाहेबांनी आप्पांना केबिनमध्ये बोलावून झापलं. परदेशी माणसाला उकळलेलं पाणीच द्यायचं, अशी सक्त ताकीद दिली. आप्पांनी ती पाळली. म्हणजे त्यांनी सरूबाईंना सांगितलं, आणि पाव्हणा यायचा असला की सरूबाई सकाळीच एक तांब्या उकळून, गार करून, वर ताटली झाकून ठेवू लागल्या. प्रथा मोडली नाही. सरूबाई एकदा मला म्हणाल्या, "माझ्या सासूच्या टायमाला गावातलं मानूस ह्या दारात पानी मागत न्हवतं. आता इमानातनं उतरून लोकं येत्यात. आप्पाचं काय खरं न्हाई." बोलणं तक्रारीचं होतं, पण तांब्या चिंचेने घासून लख्ख केलेला होता.

मी खुटबावचा. वडील गुऱ्हाळावर कामाला, आई शेतात. घरात माझ्याआधी सातवीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. मी दौंडच्या कॉलेजातून बी.एस्सी. झालो आणि या कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागलो, तेव्हा आमच्या आळीत पेढे वाटले गेले. मला इंग्रजी वाचता येत होतं, लिहिता येत होतं. बोलायची वेळ आली की मात्र जीभ टाळूला चिकटायची. मॅनेजरसाहेबांना हे माहीत नव्हतं. त्यांनी माझे मार्क बघितले आणि हुकूम काढला की गेस्ट हाउसवर पाव्हण्यांशी बोलायला रोज कामानंतर तासभर मी जायचं.

मी गेलो. ओट्यावर आप्पा बसले होते. डोक्याला लाल पागोटं, हातात टकळी, आणि टकळीवर काळ्या लोकरीचा धागा. माणूस बोलत असो, चालत असो, साहेबांची बोलणी खात असो, टकळी फिरतच असायची. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "तुमी ल्ह्यायला शिकलाय का बोलायला?"

मी खरं ते सांगितलं. लिहायला.

"मग बरं हाय. मी बोलतो, तुमी ल्ह्या." तेव्हापासून मी 'मास्तर' झालो. मी मास्तर नाही, हे मी दोनदा सांगून पाहिलं.

आप्पा तीस वर्षं मेंढपाळ होते. दिवाळी झाली की कळप घेऊन घाट उतरायचे, कोकणात जायचे आणि वैशाखाच्या उन्हात परत यायचे. दरवर्षी दुसऱ्यांच्या गावात, दुसऱ्यांच्या शेतात, दुसऱ्यांच्या विहिरीवर राहिलेला माणूस. गुडघे गेले तेव्हा मेंढरं पुतण्याला दिली आणि ते कारखान्यात राखणीला आले. आता गंमत अशी की ज्या माळावर कारखाना उभा आहे, तिथंच त्यांनी लहानपणी मेंढरं चारली होती. तरी कुठलीही गोष्ट सांगताना त्यांची सुरुवात ठरलेली : "परमुलूख हाय, बेतानं." हे ते इटालियनला सांगायचे, मला सांगायचे, आणि मॅनेजरसाहेबांच्या केबिनचं दार ढकलताना स्वतःलाही पुटपुटायचे.

त्यांचं म्हणणं साधं होतं. हे गोरे लोक मेंढपाळच आहेत. घर सोडून आलेत, ऊन अंगावर घेतायत, आणि इथलं त्यांना काही माहीत नाही. कंपनीने त्यांना यंत्राचं जाडजूड पुस्तक दिलंय, पण इथं जगायचं कसं त्याचं कोणी दिलं नाही. ते आपण द्यायचं.

अशा रीतीने ते पुस्तक सुरू झालं. आप्पा सांगायचे, मी फुलस्केप कागदावर इंग्रजीत उतरवायचो, आणि संध्याकाळी चहाच्या वेळी पाव्हण्याला वाचून दाखवायचो. आप्पा समोर बसून पाव्हण्याचं तोंड बघायचे. मी जरा लांब वाक्य घातलं की टकळी थांबायची. "मास्तर, पाव्हण्याच्या भुवया वर गेल्या. तुमचं कायतरी चुकलं. बारकं करा." मी वाक्य तोडायचो. भुवया खाली यायच्या. टकळी फिरायची. कॉलेजात तीन वर्षांत जे जमलं नाही ते त्या ओट्यावर सहा महिन्यांत जमलं. समोरच्याच्या भुवया बघून बोलायचं, एवढंच इंग्रजीचं व्याकरण मला आजही येतं.

पुस्तकात उन्हाचा भाग सर्वांत मोठा होता. आप्पा उन्हाबद्दल एखाद्या तापट सासऱ्याबद्दल बोलावं तसं बोलायचे. सकाळी ओट्यावर उभं राहून, डोळे बारीक करून सांगायचे, आज ते नुसतं बघतंय, किंवा आज ते रागात हाय. रागात असलं तर बारा ते चार बाहेर पडायचं नाही, मग मॅनेजर बोलावो नाहीतर त्याचा बाप. बाहेर पडावंच लागलं तर डोक्याला ओलं फडकं, आणि ते टोपीच्या आत, वर नाही. उन्हातून आल्यावर लगेच गार पाणी प्यायचं नाही. आधी बसायचं, मग तोंड धुवायचं, मग मीठ घातलेलं ताक. घाम यायचा थांबला की घाबरायचं. घाम येतोय तोवर माणूस ठीक आहे. ही शेवटची गोष्ट मी पुढे एका डॉक्टरला सांगितली. तो म्हणाला, हे तुम्हाला कोणी सांगितलं? मी म्हणालो, आमच्या इंग्रजीच्या शिक्षकांनी.

बाकी भाग किरकोळ वाटेल, पण कामाचा होता. बूट घालण्याआधी तीनदा आपटायचे, आत विंचू असतो. रस्ता विचारताना 'हा रस्ता दौंडला जातो का' असं विचारायचं नाही, कारण पाव्हण्याला 'न्हाई' म्हणणं इथल्या माणसाच्या जिवावर येतं, तो हो म्हणतो. 'हा रस्ता कुठं जातो' असं विचारायचं, आणि तिघांना विचारायचं. एनरिको नावाच्या इटालियनने हे ऐकलं नाही. रविवारी तो दौंड स्टेशनला निघाला आणि भांडगावला एका लग्नात पोचला. दुपारी परत आला तेव्हा डोक्यावर टोपी, खांद्यावर टॉवेल, कपाळावर कुंकू आणि पोट बुंदीने भरलेलं. आप्पांनी त्या प्रकरणाचा निकाल दिला : रस्ता चुकला पण वागला बरा.

सगळेच सल्ले लागू पडले असं नाही. फिनलंडच्या पाव्हण्याला आप्पांनी उन्हाची झळ लागू नये म्हणून खिशात कच्चा कांदा ठेवायला सांगितला. तो शिस्तीचा माणूस. त्याने चार खिशांत चार कांदे ठेवले आणि तसाच कारखान्याच्या निर्जंतुक विभागाच्या दारात गेला. तिथल्या सुपरवायझरने ते एकेक करून बाहेर काढले आणि रजिस्टरमध्ये नोंद केली.

पण सर्वांत मोठा घोटाळा क्लाऊसचा. क्लाऊस जर्मन होता, उंच, अबोल, सांगितलेलं सगळं वहीत उतरवून घेणारा. आप्पांनी त्याला पंगतीचा रिवाज सांगितला : कोणी वाढायला आलं की पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदा नको म्हणायचं, तिसऱ्यांदा घ्यायचं. लगेच घेतलं तर माणूस हावरट दिसतो. क्लाऊसने ते लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी तो कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये ताट घेऊन बसला. वाढपी आला, क्लाऊस म्हणाला नको. वाढपी पुढे गेला. कॅन्टीनमध्ये दोनशे माणसं जेवायची, दुसऱ्यांदा विचारायला कोणाला सवड होती? क्लाऊस वाट बघत बसला आणि रिकाम्या पोटी उठला. असं त्याने चार दिवस काढले. पाचव्या दिवशी त्याने मला अत्यंत आदबीने विचारलं की तिसरी वेळ साधारण किती वाजता येते.

मी हे आप्पांना सांगितलं. टकळी थांबली. आप्पा उठले, गुडघे धरत धरत कॅन्टीनमध्ये गेले आणि दुसऱ्या दिवसापासून दुपारी क्लाऊसच्या मागे उभे राहू लागले. वाढप्याला तिथंच धरून ठेवायचे. नको. नको. घ्या. मग सोडायचे. क्लाऊस जाईपर्यंत, म्हणजे जवळजवळ दोन महिने, हा कार्यक्रम रोज झाला. रिवाज मोडायचा नाही आणि पाव्हणा उपाशी ठेवायचा नाही, एवढंच त्यांना कळत होतं.

आता मुख्य गोष्ट.

आप्पांना या लोकांकडून काही नको असायचं. जाताना कोणी घड्याळ द्यायचा, कोणी चांगला कोट. आप्पा हात जोडून परत करायचे. त्यांना फक्त एक पाहिजे होतं : पोचल्याचा निरोप. पाव्हणा निघाला की ते आपल्या पत्र्याच्या डब्यातून एक कोरं पोस्टकार्ड काढायचे. ही कार्डं त्यांनी दौंडच्या पोस्टातून आणून ठेवली होती. माझ्याकडून त्यावर स्वच्छ इंग्रजीत स्वतःचा पत्ता लिहून घ्यायचे आणि ते पाव्हण्याच्या हातात द्यायचे. मी सांगायचो, घरी पोचल्यावर हे पेटीत टाका. काही लिहू नका, लिहिलं तरी चालेल. पाव्हणे ते कार्ड फार जपून पाकिटात ठेवायचे. क्लाऊसने तर पासपोर्टात ठेवलं.

मग आप्पा स्वयंपाकघराच्या खिळ्यावर टांगलेली काळ्या लोकरीची दोरी काढायचे आणि पाव्हण्यादेखत तिला एक गाठ मारायचे. दोरी त्यांनीच कातलेली, त्यांनीच वळलेली. निरोप आला की गाठ सोडायची. मेंढरं घेऊन दोन वाटांनी निघालेली माणसं असंच करायची, असं ते म्हणायचे. पोचलेला माणूस एसटीच्या कंडक्टरबरोबर सांगावा धाडायचा, आणि मागचा माणूस गाठ सोडून मोकळा व्हायचा.

मी तिथं होतो त्या सहा वर्षांत एकोणीस पाव्हणे आले आणि गेले. एकोणीस कार्डांवर मी पत्ता लिहिला. दोरीला एकोणीस गाठी वाढल्या. एकही सुटली नाही.

रोज अकराच्या सुमाराला पोस्टमन यायचा. आप्पा त्याला काही विचारायचे नाहीत. फाटकाजवळ जाऊन मोगऱ्याला पाणी घालायचे. अकरा वाजता, भर उन्हात. ज्या माणसाने आम्हाला अकरानंतर रोपाला पाणी घालू नये असं शिकवलं होतं, त्याने. पोस्टमन जाता जाता म्हणायचा, आज न्हाई आप्पा, आणि आप्पा असं दाखवायचे की त्यांनी ते ऐकलंच नाही.

गेस्ट हाउसचा स्वयंपाकी बबन तोंडाचा फाटका. तो म्हणायचा, "आप्पा, तुमचं पाव्हणं हितलं ताक पिऊन तिकडं घरचा पत्त्या इसरलं. तुमचा कुठनं ध्यानात ऱ्हायचा?" आप्पा टकळीकडे बघत उत्तर द्यायचे, "तू गप. भाकरी जळतीय." भाकरी जळत नसायची.

मी त्यांना समजवायचो. ऑफिसात फॅक्स यायचे. मी धावत जाऊन सांगायचो, आप्पा, एनरिकोचा फॅक्स आला, गॅस्केट बदला म्हणतोय, म्हणजे पोचला. आप्पा मान हलवायचे. "ते कंपनीला आलं. मला कुठं आलं?" एकदा मी एसटीडी बूथवरून जर्मनीला फोन लावून देतो म्हणालो. तेही नको. फोनवरचा माणूस शेजारच्या खोलीतून बोलला तरी कळत नाही. कागद मात्र हातात येतो, आणि तो जिथून निघाला तिथून चालत आलेला असतो.

शेवटी मला राहवेना. एका शनिवारी मी एक कार्ड घेतलं, डाव्या हाताने दोन ओळी इंग्रजीत लिहिल्या, खाली क्लाऊसची सही ठोकली आणि दौंडला जाऊन पेटीत टाकलं. मंगळवारी ते आलं. पोस्टमनने फाटकातूनच ओरडून सांगितलं. आप्पांनी झारी खाली ठेवली, हात धोतराला पुसले आणि कार्ड घेतलं. उलटसुलट केलं. नाकाजवळ नेलं. मग अंगठ्याने शिक्क्यावरून हात फिरवला. मी शेजारी उभा होतो.

"शिक्का दौंडाचा हाय," ते म्हणाले. "गोल एका जाग्याला मोडलाय त्याचा. कंपनीच्या टपालावर बघतो की मी रोज."

मला कुठं तोंड लपवावं ते कळेना. ते रागावले नाहीत. कार्ड त्यांनी घडी न घालता डब्यात ठेवलं. "मास्तर, तुमी चांगल्या मनानं केलं. पन गाठ खोटी सोडू नये. खोटी सोडली तर मानूस वाटंतच ऱ्हातो."

या माणसाला या निरोपाचं एवढं काय आहे, ते मला कळलं माझ्या जाण्याच्या दिवशी. ओमानमधल्या एका कारखान्यात मला नोकरी लागली. मुलाखत इंग्रजीत झाली. मी तिघांच्या भुवया बघत बोललो आणि निवडला गेलो. निघायच्या दुपारी आप्पांचा निरोप घ्यायला गेस्ट हाउसवर गेलो. त्यांनी माझं मनगट धरलं. मी ओळखलं आता काय होणार. "आप्पा, मी सरूबाईंना सहा वर्षं ओळखतो," मी म्हणालो. त्यांनी ऐकलं नाही. म्हणाले, सराव पायजे.

मी सरूबाईंच्या दारात उभा राहिलो. सरूबाईंनी उंबऱ्यातून माझ्याकडे अनोळखी नजरेने पाहिलं. "कोन गावचं पाव्हणं म्हनायचं?" मी म्हणालो, खुटबावचं, पाणी मिळेल का? मला हसू येत होतं. त्यांनी तांब्या दिला. तांब्या तोंडाला लावला आणि एका दमात रिकामा केला.

परत येऊन आम्ही ओट्यावर बसलो. आप्पांनी दोरी काढून मांडीवर ठेवली. एकोणीस गाठींच्याही वर, अगदी टोकाला एक गाठ होती. इतकी जुनी की तेलकट होऊन दगडासारखी झाली होती. मी ती नेहमी दोरी अडकवायची गाठ समजायचो.

"ही बिरूची," आप्पा म्हणाले. "माझा धाकला ल्योक."

मग त्यांनी सांगितलं. वैशाखात कळप घेऊन परत येत होते. शिरूरला घोड नदीवर पाणी कमी, मेंढरं जास्त. म्हणून कळप दोन जागी केला. आप्पा नदीच्या काठाने, बिरू दुसऱ्या वाटेने. बिरू वीस वर्षांचा, पहिल्यांदाच एकटा. पोचला की कंडक्टरबरोबर सांगावा धाडायचा ठरलं होतं. आप्पा तीन दिवस शिरूरच्या स्टँडवर प्रत्येक गाडीच्या दाराशी उभे राहिले. चौथ्या दिवशी निघाले. बिरू एका बाभळीखाली सापडला. मेंढरं सगळी नीट होती, त्याच्या भोवतीच बसलेली. दोन शेतांपलीकडे घर होतं, दारात विहीर होती.

"लाजाळू हुता. अनोळखी दारात तोंड उघडून मागनं त्याला कवा जमलं न्हाई." टकळी त्यांच्या हातात नव्हती. तसं मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होतो. "मी त्याला निगताना मेंढरांचं समदं सांगितलं. कुठं पाजायचं, कुठं बसवायचं. मान्साचं सांगायचं ऱ्हायलं."

मग त्यांनी डब्यातून एक कार्ड काढलं आणि माझ्यापुढे धरलं. त्यावरचा पत्ताही मीच लिहिला. विसावी गाठ त्यांनी माझ्यासमोर मारली.

ती दोरी आज माझ्याकडे आहे. पुढे काही वर्षांनी सुटीवर आलो तेव्हा सरूबाईंनी ती माझ्या हातात दिली. आप्पा गेले होते. ती वीस ठिकाणी वाकडी आहे, कारण लोकर वळण विसरत नाही. वरच्या टोकाची गाठ तेवढी अजून आहे.

ओमानहून मी त्यांना जे पत्र पाठवलं, त्याची कच्ची प्रत माझ्या वहीत राहिली. ती खाली उतरवतो.

*

तीर्थस्वरूप आप्पांस,

साष्टांग नमस्कार. पोचलो.

हे पत्र सरूबाईंच्या सूनबाईंकडून वाचून घ्या. बबनकडून नको, तो मध्ये स्वतःचं घालतो.

पत्राला महिना उशीर झाला. त्याचं कारण सांगतो, रागावू नका. इथं ऊन आपल्यासारखंच आहे, फक्त झाडं नाहीत. रोज उठल्यावर बघतो, बहुतेक वेळा रागातच असतं. ओलं फडकं हेल्मेटच्या आत घालतो. बूट आपटतो. माझ्या खोलीतले दोन केरळचे सोबतीही आता आपटतात.

पण पाणी मागायला मी आठ दिवस गेलो नाही. खोलीत फ्रीज होता. समोरच्या घरात एक म्हातारे गृहस्थ राहतात, त्यांची पाच-सहा शेरडं आहेत. रोज त्यांच्या दारापर्यंत जायचो आणि परत फिरायचो. तोंड उघडेना. लाज वाटली. नवव्या दिवशी गेलो. त्यांना इंग्रजी येत नाही. मी हाताने खूण केली. त्यांनी पाणी दिलं, खजूर दिला, आणि कडू कॉफी दिली. दोनदा नको म्हणालो. त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं, आप्पा. आपल्यासारखीच माणसं आहेत.

त्यानंतर चौथ्या दिवशी साइटवर माझा घाम थांबला. मला कळलं, पण मी काम सोडलं नाही. संध्याकाळी तापाने पडलो. सोबती दोन दिवसांच्या सुटीवर गेले होते. सकाळी माझं दार उघडलं नाही हे त्या म्हाताऱ्यांनी पाहिलं. ते मुलाला घेऊन आले, दार ठोठावलं, आणि गाडीत घालून मला दवाखान्यात नेलं. आता बरा आहे. पाणी मागितलं नसतं तर समोरच्या खोलीत कोण राहतं हे त्यांना माहीतच नसतं. मी बिरूला पाहिलेलं नाही, पण सलाइन लावून पडलो होतो तेव्हा मला त्याचीच आठवण येत होती.

आता कार्डाचं. बरा झाल्यावर ते घेऊन पोस्टात गेलो. खिडकीवरचा माणूसही केरळचाच. त्याने कार्ड बघितलं आणि हसून परत दिलं. म्हणाला, "भाई, ये इंडिया का टिकट है. इधर से नहीं जाएगा. पेटी में डालेगा तो फेंक देंगे." आपलं कार्ड आपल्याच देशात चालतं, आप्पा. दुसऱ्या देशाच्या पेटीतून ते निघतच नाही.

मी पोस्टाच्या पायरीवर बसलो. मी बी.एस्सी. झालेला माणूस. वीस कार्डांवर पत्ता मी लिहिला आणि मला हे माहीत नव्हतं. तुम्ही सहा वर्षं अकरा वाजता मोगऱ्याला पाणी घातलंत ते माझ्या अडाणीपणामुळे.

एकोणीस जणांपैकी किती जणांनी कार्ड पेटीत टाकलं, ते मला सांगता येणार नाही. एखादा विसरलाही असेल. पण टाकलं असतं तरी ते आलं नसतं. आणि क्लाऊसने टाकलं नसेल, असं मला कोणी सांगितलं तरी मी मानणार नाही. तुम्हीही मानू नका. जो चार दिवस उपाशी राहिला पण तिसऱ्या वेळेची वाट बघितली, त्याने कार्ड टाकलं असणार. टाकलं आणि घरी येऊन बायकोला सांगितलं असणार की भारतात एका माणसाने आता माझी गाठ सोडली.

तुम्ही म्हणाला होतात, गाठ खोटी सोडू नये. ही खोटी नाही. तुमचं कार्ड या पाकिटात घातलंय. पाकिटावरचं तिकीट आणि शिक्का बघा, अंगठा फिरवून बघा. दौंडाचा नाही.

वरच्या गाठीबद्दल मी काही बोलत नाही. खालच्या सगळ्या सोडा. आधी माझी, मग त्यांच्या. आम्ही सगळे पोचलो.

तुमचा,
मास्तर